ताडपत्रीखालचा कडबा

१

या, बसा हितं बाजेवर. चहा यायला अजून वेळ हाय, तवर एक गोष्ट सांगतो. तीन अंगाला दगडाची भिंत, चौथ्या अंगाला तीन बैलगाड्या आडव्या, आन् मधनं एक आख्खी जीप गेली, त्याची गोष्ट. मधी बोलायचं न्हाई. कुणी नेली ते ध्यानात आलं तरी गप ऐकायचं.

सन त्र्याहत्तर. आपल्याकडं तवा अजून म्हैसूर राज्यच म्हणायचे. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या होऊन पंधरा दिस झालते, ज्वारी पोटऱ्याला आलती. कमलनगरच्या स्टेशनासमोर भीमराजचा गाडीतळ होता. औरादकडचं कुणी मुंबईला बोटीवर निघालं, की गाडी-बैल, फटफटी, जे असल ते भीमराजकडं लावायचं आन् रेल्वेत बसायचं. कुणी गोव्याच्या बोटीला, कुणी हजच्या बोटीला. परत येऊस्तोवर बैलाला कडबा, पाणी आन् गाडीला राखण भीमराजची.

नुसती राखण न्हवती बरं का. विकाराबादला गाडी कवा बदलायची, धक्क्यावर किती वाजता उभारायचं, हमालाला पेटी द्यायची का न्हाई, हे सगळं तोच सांगायचा. "गोव्याला जाताना डाव्या अंगाला बसा," म्हणायचा. "किनारा दिसतो, दुपारचं ऊन बी लागत न्हाई. आन् पोट भरून चढू नका, दर्या पोटातलं मागून घेतो."

त्याला ठाऊक असणारच की. विसाव्या वर्षी गाव सोडून गेला, अठरा वर्षं कोळशाच्या आगबोटीवर भट्टीत फावडं मारलं. मग तेलावरच्या बोटी आल्या, जुन्या मोडीत निघाल्या, आन् हा घरी आला. पण डोळ्यातला दर्या काही गेला न्हाई. दुपारच्याला तळावर सगळं निजल्यागत व्हायचं. बैल डोळे मिटून रवंथ करायचे, भिंतीपलीकडं ज्वारी वाऱ्यानं लवायची, आन् भीमराज लिंबाखाली बसून तिकडंच बघायचा. त्याला ती ज्वारी हळूहळू वर उचलल्यागत वाटायची, खाली बसल्यागत वाटायची. मग तो दगडावर हात ठेवायचा, आपण जमिनीवरच हाव म्हणून.

गाड्या लावायची रीत त्यानं बोटीवरनंच आणलेली. बोटीत माल भरताना शेवटच्या बंदराचा माल आधी, तळाला. पहिल्या बंदराचा वर. तसंच हितं. जो उशिरा परतणार त्याची गाडी आत भिंतीला, जो आधी येणार त्याची पुढं. त्यामुळं आतली गाडी काढायची तर पुढच्या सगळ्या हलवाव्या लागायच्या. आन् भीमराजचा शब्द असा, की माणूस परत येऊस्तोवर तळावरचं चाक हलत न्हाई.

त्या रविवारी औरादचे अण्णाराव बायकोला, गौरम्माला, घेऊन गोव्याच्या बोटीला निघाले. परतणार पुढल्या सोमवारी, म्हणून त्यांची जीप आत भिंतीला, ताडपत्री झाकून. पुढं तीन बैलगाड्या, त्यांची माणसं रविवारीच परत येणार. सगळ्यात पुढची महेबूबसाबची, हजच्या बोटीवरनं येणाऱ्या चुलत्याला आणायला गेलता तो.

शुक्रवारी दुपारी अण्णारावचे थोरले भाऊ रेवणसिद्धप्पा तळावर आले. तळाची जागा त्यांची. जीपमधला जॅक पाहिजे होता. गाड्यांच्या फटीतनं अंग चोरत आत गेले, ताडपत्रीचं टोक उचलून बघत राहिले. मग हळूच म्हणले, "भीमराज, हिकडं ये."

ताडपत्रीखाली जीप न्हवती. जीपच्या आकारात रचलेल्या ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या होत्या.

२

"ही माझ्या भावाची जीप," रेवणसिद्धप्पा म्हणले. "चांगली हाय. पाऊस पडला तर पालवी फुटंल."

भीमराजनं भिंतीच्या दगडावर हात ठेवला. पायाखालची जमीन खरंच हलली म्हणा की.

"अप्पा, सोमवारी सकाळी मी स्वतः दोरी तपासली. जीप होती."

"मग?"

"मग मी आन् चांगुणा उदगीरला लग्नाला गेलाव. सांजच्याला आलाव. ताडपत्री जशीच्या तशी दिसली."

"आन् राखणीला?"

"नागनाथ. चांगुणाचा भाऊ."

"तुझा मेव्हणा. जीप चालवता येती त्याला." रेवणसिद्धप्पांनी उपरणं झटकलं. "हे बघ, सोमवारच्या दुपारच्या गाडीनं भाऊ उतरल. तवर जीप हितं दिसली न्हाई तर तळ खाली करायचा. पोलिसाचं मग बघू. तुम्हा लोकांना जागा दिली तवाच चारजण बोलले होते मला."

ते 'तुम्हा लोकांना' भीमराजला बरुबर ऐकू आलं. सतरा वर्षं झालती बौद्ध होऊन, पण काही माणसांच्या तोंडातनं जुनं तसंच बाहेर पडायचं.

अप्पा गेले, आन् भिंतीपलीकडनं आवाज आला, "कडबा कुणाचा रे भीमण्णा?"

गुरुबाई होती. समोर तिची खानावळ. लिंगायताची विधवा बाई, पन्नाशीची, हातावर भाकरी थापता थापता सगळ्या स्टेशनावर डोळा ठेवायची. कोण किती भाकऱ्या खातो त्यावरनं त्याच्या घरचं सांगायची.

"अक्का, तू कडब्याचं काय घेऊन बसलीस? जीप गेली माझी."

"जीप उडून गेली म्हण. चाकाचं माग पुसता येतं. पण एवढ्या पेंढ्या कुठनं आल्या?"

"बैलांच्याच की. मागच्या गंजीतल्या."

"म्हंजे नेणाऱ्याला गंजी ठाऊक. आन् तू रोज ताडपत्रीकडं नुसतं बघतोस, उचलून बघत न्हाईस, हे बी ठाऊक." तिनं पदरानं हात पुसला. "घरचाच हाय कुणीतरी. तुझ्या मेव्हण्याला पाठव जेवायला. उपाशी माणूस खोटं बोलतो, जेवताना न्हाई बोलत."

३

नागनाथचं तळाच्या तोंडाला पंक्चरचं दुकान. गडी उंचापुरा, मिशीला तेल लावणारा. गुरुबाईनं त्याच्या ताटात दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी आन् अंबाडीची भाजी वाढली आन् समोर बसली. भीमराज चुलीशेजारी.

"सोमवारी दिवसभर दुकानातच होतो, अक्का. हाललो न्हाई जागचा."

"बरं."

"देवाशपथ."

"कुठल्या देवाची? तुमच्यात चालती का शपथ?" गुरुबाई हसली. "कान कामून सुजलाय रे तुझा?"

नागनाथचा घास तोंडातच राहिला. भीमराजनं वाकून बघितलं, डावा कान वांग्यागत झालता.

"डोणगावला कुस्त्या होत्या," शेवटी नागनाथ म्हणला. "अकराला गेलो, चारला आलो. नुसत्या नारळाच्या इनामाची कुस्ती खेळलो. हरलो. दाजी, तुम्हाला सांगणारच होतो."

"कवा? जीप गेल्यावर?" भीमराज कधी ओरडायचा न्हाई, त्या दिवशी बी न्हाई ओरडला. "माझा शब्द होता नागनाथ. कुलूप न्हाई लावलं मी तळाला, तुला ठेवलं."

नागनाथनं ताट सारलं. गुरुबाईनं परत पुढं सरकवलं. "खा. हरलेल्यानं जास्त खावं."

तेवढ्यात शिवय्या आला. स्टेशनावर पार्सल उतरवणारा, तोंडाचा तिखट. तळाच्या जागेवर वखार टाकायची म्हणून दोन वर्षं रेवणसिद्धप्पांच्या मागं लागलेला.

"काय भीमराज, बोट बुडाली म्हणं तुझी."

"बस शिवय्या," गुरुबाई म्हणली. "तुझी वखार झाल्यात जमा हाय. सोमवारी दुपारी कुठं होतास?"

"मला विचारायलीस? बारा ते तीन गुळाच्या ढेपा उतरवायलो होतो. स्टेशनमास्तर बसलता समोर, ढेपा मोजत. आन् मला साधी सायकल येत न्हाई." त्यानं पाण्याचा तांब्या उचलला. "पण एक सांगतो. मंगळवारी पहाटं मालगाडीला आलतो तवा ताडपत्री बघितली. जीप फुगल्यागत दिसायली होती. मी म्हणलं, भीमराज जीपला बी कडबा घालतो काय."

"मग सांगितला कामून न्हाईस?" भीमराजनं विचारलं.

"तू मला सांगतोस का कधी काही?"

गुरुबाईनं भीमराजकडं बघितलं. सोमवारी सकाळी जीप होती, मंगळवारी पहाटं कडबा. रात्री तर भीमराज-चांगुणा तळावरच निजतात. मग उरला सोमवारचा दिवस, अकरा ते चार.

दारात अजून एक सावली पडली. कल्लप्पा, अण्णारावचा डायवर. मालक बोटीवर गेल्यापासनं रिकामाच. बारीक अंगाचा, शांत, कपाळाला इभूत लावून असणारा. बुधवारपासनं रोज जेवायला यायचा आन् खाली मान घालून जायचा.

"कल्लप्पा, ऐकलास का? जीप गेली."

"ऐकलो अक्का." त्यानं डाव्या खांद्यावरचा टावेल काढून मांडीवर घेतला. "सापडंल."

"तू सोमवारी?"

"औरादला. घरी. बायकोला, हेमावतीला, विचारा."

एवढंच म्हणला, अर्धी भाकरी खाल्ली आन् उठला. तीन भाकऱ्यांचा माणूस. गुरुबाई त्याच्या पाठीकडं बघत राहिली, आन् भीमराजला म्हणली, "चल, मला तळ दाखव. गाड्यांपुढची धूळ कुणी झाडली तर न्हाई न्हवं?"

४

उतरतीचं ऊन होतं. गाड्या जू उंच टेकवून उभारलेल्या, तीन शिडाच्या होड्या वाऱ्याची वाट बघायल्यात असं भीमराजला वाटलं. आगबोटीवरनं तो असल्या होड्या बघायचा. लांब, पांढऱ्या, कुठं जायल्यात ते कळायचं न्हाई.

"बघ," गुरुबाई म्हणली. ती धुळीत उकिडवी बसलती. "चाकाचं माग दोन-दोन. गाडी बाहेर आली, परत गेली. तिन्ही गाड्या. म्हंजे जीप पुढनंच गेली, गाड्या बाजूला करून."

"ते मला बी दिसतंय."

"बैलाचं खूर दाखव मला."

भीमराज वाकला. चाकाच्या दोन रेघांच्या मधी माणसाच्या पायाची बोटं रुतलेली. टाच न्हाई, नुसती बोटं, जोर लावून रेटलेली. खूर एक बी न्हाई. बैल मागं लिंबाखाली असायचे, पाण्याला मागच्या खिंडीनं जायचे. तितनं माणूस आन् बैल निघंल, जीप न्हाई.

"हातानं ओढल्यात गाड्या," भीमराज म्हणला.

"मागं सहा बैल बसल्यात. दावं सोडायचं, जुंपायचं, दहा मिनिटाचं काम. घाईत जीप न्यायला आलेला माणूस बैल सोडून स्वतःचा खांदा कामून लावंल?"

"बैल अनोळखी. मारत्यात म्हणून असंल."

"महेबूबसाबचा बैल? त्याच्या शिंगाला लहान लेकरं लोंबकळत्यात." गुरुबाई उठली आन् पहिल्या गाडीच्या जुवावरनं बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. दुसऱ्या जुवावरनं फिरवलं. तिसऱ्या. तिन्ही जुवावर तीन-तीन पांढऱ्या रेघा, वाळलेल्या.

"इभूत," ती म्हणली. "आता सांग, महेबूबसाब आपल्या गाडीला इभूत लावतो का?"

भीमराजनं जुवावर वाकून बघितलं. जे रोज डोळ्यापुढं होतं, ते त्याला आता दिसायलतं.

"सोमवार होता, अक्का."

"सोमवार होता. आमच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. बसवण्णाचा, नंदीचा दिवस. तुझ्या मेव्हण्यानं नेली असती तर बैल जुंपले असते, त्याला काय सोमवार आन् काय मंगळवार. चोरानं बी जुंपले असते. ह्या माणसाला जीप नेताना भ्या वाटलं न्हाई, पण बैलाला जुंपताना वाटलं. आन् जू हलवलं म्हणून जुवाला इभूत लावून माफी मागून गेला."

"शिवय्या बी लिंगायतच, जंगम."

"शिवय्याला जीप येत न्हाई, आन् मास्तर साक्षीला हाय. तू एक बघितलास का? कल्लप्पा चार वर्षं जेवायला येतो, टावेल कायम उजव्या खांद्यावर. बुधवारपासनं डाव्या. उजव्या खांद्याला त्याला टावेल बी सोसत न्हाई."

५

कल्लप्पा स्टेशनामागच्या चिंचेखाली बसलता. गुरुबाईनं काही विचारलंच न्हाई. जवळ जाऊन त्याचा सदरा उजव्या खांद्यावरनं खाली ओढला. खांदा काळानिळा, कातडं सोललेलं.

"हळद लावलास का?" तिनं विचारलं.

कल्लप्पा रडला. मोठा माणूस, चिंचेच्या बुंध्याला डोकं लावून.

गोष्ट अशी झालती. अण्णारावनी बोटीची तिकिटं, दोघांची, एका पाकिटात घालून रविवारी कल्लप्पाच्या हाती दिली. गाडी सुटताना मागून घेतो म्हणले. सामान चढवायच्या गडबडीत ते विसरले, हा बी विसरला. सोमवारी सकाळी हेमावतीनं धुवायला कोट घेतला तर पाकीट आत. बोट मंगळवारी दहाला सुटणार. रेल्वे गेलेली. एस्टीनं सोलापूरची रात्रीची मेल गाठणं शक्य न्हवतं.

"तळावर आलो तर कुणी न्हाई. तुम्ही उदगीरला, नागनाथ कुस्तीला. तुम्हाला विचारलं असतं भीमण्णा. पण विचारून काय म्हणलं असताव? चाक हलत न्हाई म्हणलं असताव."

"म्हणलो असतो," भीमराज म्हणला.

"मग ओढल्या गाड्या. बसवण्णाला सांगितलं, तुझ्या पोराला न्हाई जुंपत, मीच जुंपून घेतो. परतूस्तोवर कुणाला कळू नये म्हणून जीपच्या जागी कडबा रचला, गाड्या परत लावल्या. भालकी, हुमनाबाद, उमरगा, सुसाट गेलो. नळदुर्गच्या अलीकडं मागचा एक्सल तुटला. तितं एका मिस्त्रीच्या दारात जीप ढकलली, ट्रकावर बसून सोलापूर गाठलं, रात्रीची मेल धरली. सकाळी धक्क्यावर पोचलो तवा मालक फाटकात उभारलेले, गौरम्मा पेटीवर बसून रडायल्या. पाकीट दिलं. 'कसा आलास रे?' 'रेल्वेनं,' म्हणलो. घाईत खरं वाटलं त्यांना. चढले."

"मग खरं सांगायचं की आल्यावर. तिकिटं पोचवलास, शाबासकी देतील."

"अक्का, आधीचा डायवर छत्री विसरला म्हणून घरी गेला. मी तिकिटं विसरलो आन् जीप मोडली. मिस्त्री म्हणला, एक्सल सोलापुरातनं आणावा लागंल, रविवारी या. वाटलं, रविवारी गाड्या जातील, गुपचूप आणून लावतो. शुक्रवारी कुणी ताडपत्री उचलंल असं वाटलं न्हाई. भीमण्णा, तुमच्यावर येईल हे ध्यानातच न्हाई आलं माझ्या."

चिंचेची पानं गळायलती, एक-एक, पाण्यात पडल्यागत.

"एकदा बोटीची शिडी उचलली होती," भीमराज म्हणला. "भट्टीतनं वर हवेला आलतो मी. खाली धक्क्यावर एका घरची माणसं उभारलेली. नवरा, बायको, दोन ट्रंका. कागद सापडंना म्हणून राहिले. बोट हलली. मधलं पाणी हातभर झालं, मग दोन हात, मग परसाएवढं. बाई नुसती बघायली होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. जुनी बोट ती, कवाच मोडीत गेली. ते पाणी मात्र अजून रुंद होतंय."

मग तो उठला. "नागनाथला बोलव. रविवारी आपण तिघं जाऊ नळदुर्गला."

"आन् अप्पाला काय सांगायचं?" गुरुबाईनं विचारलं.

"जीप आधी जागेवर लागू दे," भीमराज म्हणला आन् तळाकडं निघाला.

६

रविवारी दुपारी महेबूबसाब चुलत्याला घेऊन उतरला, तिन्ही गाड्या आपल्या गावाला गेल्या. दिवस मावळायच्या आत जीप भिंतीला लागली. मिस्त्रीचं काम चोख होतं. भीमराजनं स्वतः धूळ पुसली, ताडपत्री घातली, दोरी बांधली.

सोमवारी अण्णाराव उतरले. नाक उन्हानं सोललेलं, हातात काजूची पिशवी, तोंडी नुसती बोटीची गोष्ट. गौरम्माला पाणी कसं निळं होतं ते सांगायचं होतं आन् शब्द सापडत न्हवते. सगळे तळावर आले. ताडपत्री काढली. जीप होती.

रेवणसिद्धप्पांनी बॉनेटवर हात ठेवून बघितला. "शुक्रवारी हितं कडबा होता," ते भावाला म्हणले. "ह्याला विचार."

अण्णाराव थांबले. "भीमराज?"

"तुम्ही यायच्या आत जागेवर दिसावी असं अप्पाचं बोलणं होतं. जागेवर हाय."

"पण गेली होती कुठं? कुणी नेली?"

कल्लप्पा एक पाऊल पुढं आला, तोंड उघडलं. भीमराजनं त्याच्या पायावर पाय ठेवला, सगळा भार देऊन.

"तळ माझा," भीमराज म्हणला. "हितनं काही गेलं तर मीच नेलं म्हणायचं. मीच नेली म्हणा."

गुरुबाई भिंतीपलीकडं उभारलती. तिला सगळं ओरडून सांगावं वाटलं. भीमराजनं तिच्याकडं नुसतं बघितलं आन् ती गप राहिली.

अण्णारावनी काजूची पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली. त्यातली अर्धी भीमराजला द्यायची म्हणून आणलेली असावी, कारण ते जरा घुटमळले. "तुझ्याकडनं असं वाटलं न्हवतं," एवढंच म्हणले. जीपमधी बसले. कल्लप्पानं तोंड फिरवून गाडी चालू केली.

रेवणसिद्धप्पा शब्दाला जागले, तळ राहिला. पण त्यानंतर अण्णाराव कवा बी बोटीला गेले, जीप हितं लावली न्हाई. कल्लप्पा त्यांना सोडायचा आन् रिकामी जीप औरादला परत न्यायचा. तळापुढनं जाताना हळू करायचा. भीमराज लिंबाखालनं हात वर करायचा. बोटीवरनं करतात तसा, सावकाश.

त्या सोमवारी सांजंला गुरुबाईनं ताट वाढलं आन् आदळलं.

"कामून सांगितला न्हाईस?"

"त्याची नोकरी गेली असती. माझं नुसतं नाव गेलं."

"नुसतं?" गुरुबाई म्हणली. भाकरीवर लोणी घातलं, नेहमीपरीस जास्त.

आता तुम्हाला एक मागतो. कमलनगरात दोन-चार म्हातारी अजून हायती, भीमराजनं परक्याची जीप फिरवली म्हणणारी. भेटली तर सांगा, त्यानं न्हाई नेली. मग कुणी नेली, असं विचारतील. तितं माझ्यासाठी तेवढं तोंड बंद ठेवा. कल्लप्पाचा पोरगा औरादला अजून त्याच घरची गाडी चालवतो.